चिठ्ठ्या परत करा

आमच्या गाब्रोवोत म्हणे पूर्वी
मांजरांच्या शेपट्या छाटायचे,
दार लवकर लागावं, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.
खोटं असणार.
स्तोयांका मावशीच्या मांजराला अख्खं शेपूट आहे.
ती फक्त त्याला बजावते,
"आत ये नाहीतर बाहेर जा.
उंबऱ्यात उभं राहून माझी लाकडं जाळू नकोस."

एकतीस डिसेंबरला तिच्याकडे बानित्सा:
पापुद्र्यावर पापुद्रा, मध्ये चीज, अंडी,
आणि तुकड्यातुकड्यात, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं,
ज्याचं त्याचं वर्षभराचं नशीब.

बाकी गाव दरवर्षी नवं नशीब लिहितं.
मावशी जुनंच वापरते.
खाऊन झालं की पत्र्याचा डबा घेऊन
बसच्या कंडक्टरसारखी टेबलाभोवती फिरते,
"चिठ्ठ्या परत करा. चांदीसुद्धा."
मग लोणी टिपते, कोमट इस्त्री फिरवते,
अकरा मोजते, झाकण लावते.

त्यामुळे आमच्याकडे भविष्य सगळ्यांना पाठ.
कोणाच्या वाट्याला काय, एवढंच बाकी.

देचोला सलग तीन वर्षं 'लग्न' निघालं.
पहिल्या वर्षी सगळे हसले.
दुसऱ्या वर्षी त्याची बायको गिन्का हसली.
तिसऱ्या वर्षी कोणीच नाही.

'जुळी' आली शेजारच्या मिन्चो आजोबांना,
वय एकोणऐंशी.
मार्चमध्ये त्यांच्या शेळीला झाली.
आजोबा बाटली घेऊन आले,
मावशीने पेले लहान काढले.

'नवी गाडी' मला.
मी अजून सायकलवर आहे,
पण साखळी नवी टाकली, ती धरायची का?

आणि रालित्साला 'परदेश'.
पोरगी खरंच गेली, व्हॅलेन्सियाला,
संत्र्यांच्या वखारीत.
घाईत चिठ्ठीही खिशातून गेली.
तेव्हापासून फोनवर मावशीचं पहिलं वाक्य,
"जेवलीस का?"
आणि दुसरं,
"चिठ्ठी कधी पाठवतेस? टपालखर्च तुझा."

एकदा मी म्हटलं, अगं मावशी,
माझ्याकडे कागदाचा दस्ता पडून आहे,
दात कोरून पोट भरतं का कधी?
ती म्हणाली,
"कागदाचं काय गं.
शाई कुठून आणशील?"

तेव्हा कुठे मी अक्षर नीट पाहिलं.
कोंबडीचे पाय, जांभळे.
पेन्यो काका लोकरीच्या गिरणीत हिशेब लिहायचे,
तीच शाई.
गिरणी बंद पडली,
तीन हिवाळ्यांनी काकाही.

मी दस्ता पिशवीत परत घातला.

या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी
व्हॅलेन्सियाहून पाकीट आलं.
मावशीने आधी किटलीच्या वाफेवर धरून
तिकीट सोडवलं (शिक्का नीट उमटला नव्हता),
मग पाकीट उघडलं.
चिठ्ठी चार घड्यांची, संत्र्याचा वास येणारी.
तिने ती इस्त्री केली नाही.
तशीच गुंडाळली.

बाराला ताट तीनदा फिरवलं.
देचोने डोळे मिटून तुकडा उचलला,
'आरोग्य' निघालं.
गिन्काने इतक्या जोरात श्वास सोडला
की मेणबत्ती विझली,
आणि मावशी म्हणाली, "राहू दे, दिसतंय की."

तिच्या तुकड्यात होता 'परदेश'.

"ताट चुकीचं थांबलं," ती म्हणाली.
परत खोचलं, परत फिरवलं.
परत तोच.
"लोणी जास्त झालंय, घसरतं."
तिसऱ्यांदा आम्ही कोणीच हात लावला नाही;
मिन्चो आजोबांनी फिरवलं, त्यांना दिसतही नाही.
तोच.

बाई गाब्रोवोच्या बाहेर गेली ती
एकदा दात काढायला, तिर्नोव्होला.

डबा या वेळी फिरला नाही.
चिठ्ठ्या आम्हीच गोळा केल्या, मोजल्या, दहा भरल्या.
कोणी काही बोललं नाही.
मांजर उंबऱ्यात उभं होतं, दार सताड,
त्यालाही कोणी काही बोललं नाही.

दोन तारखेला सकाळी मला
बस कचेरीच्या खिडकीशी मावशी दिसली,
डोक्याला सणाचा रुमाल.
मला बघून दचकली.
"नुसती चौकशी करतेय," म्हणाली,
"चौकशीला पैसे पडत नाहीत."